महापालिका ‘डिजिटल’ होते म्हणजे तुमच्या दारात काय बदलतं?

स्मार्ट सिटी अभियानात नाशिकची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली आणि ३१ मार्च २०२५ ला ते अभियान देशभर संपलं. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत तेच शब्द पुन्हा कानावर पडत आहेत. कमांड सेंटर, डॅशबोर्ड, एआय कॅमेरे, डेटावर आधारित कारभार. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा सव्वा किलोमीटरही नसलेला ‘स्मार्ट रोड’ होईपर्यंत ज्यांनी धूळ आणि कोंडी सोसली, त्यांना हे शब्द ऐकून धास्ती वाटली तर त्यात त्यांची काही चूक नाही. पण या शब्दांमागची कामं घरपट्टी, पाणी, बस आणि दाखले यांना थेट भिडतात, आणि ती नीट झाली की नाही हे ओळखायला संगणकाचं शिक्षण लागत नाही.

माझ्या मते या सगळ्याचा कस दोन प्रश्नांवर लागतो. महापालिकेकडची माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेणं नागरिकाच्या हातात आहे का? आणि माहिती बरोबर असेल तर तिच्यामुळे कुणाला तरी काम करणं भाग पडतं का?

कागद संगणकावर गेला, म्हणजे झालं का?

डिजिटल होण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि बोलताना आपण त्या एकमेकींत मिसळतो.

पहिली पायरी म्हणजे जुनी रजिस्टरं संगणकावर चढवणं. यात कारकुनाला नोंद लवकर सापडते, पण तुमची खेप वाचत नाही. दुसरी पायरी म्हणजे अर्ज, पैसे आणि दाखला हे सगळं घरबसल्या होणं. घरपट्टी मोबाईलवरून भरता येते, ती या पायरीवर. तिसरी पायरी अवघड आहे. वेगवेगळ्या विभागांच्या नोंदी एकमेकींशी जुळणं आणि त्या पाहून निर्णय होणं. ‘डेटावर आधारित कारभार’ म्हणतात तो हा. बहुतेक शहरं दुसऱ्या पायरीवर पोचली की तिसरी गाठल्याची घोषणा करतात.

पहिल्या पायरीवरची चूक मात्र शेवटपर्यंत सोबत येते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी अशा अनेक ठिकाणी जन्माचा पुरावा आहे. पूर्वी दाखल्यावर आईच्या नावात वेलांटी चुकली तर शाळेत प्रतिज्ञापत्र देऊन भागायचं. आता एका नोंदीवर इतकं अवलंबून आहे की दवाखान्यातून फॉर्म जाण्याआधीच तो अक्षर न् अक्षर वाचून घ्यायला हवा.

‘डेटा’ म्हणजे नेमकं काय?

नाशिककराला हे समजावणं सोपं आहे, कारण गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की शहरात क्युसेकचे आकडे फिरतात, पण घाटावरचा माणूस विचारतो, ‘पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. पाणी जसजसं चढतं तसतसे सराफ बाजार, भांडी बाजार आणि कापडपेठेतले दुकानदार खालचा माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. टपऱ्या हलतात, घाटावरच्या गाड्या निघतात.

इथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. सगळ्यांना दिसणारं माप आहे. त्या मापाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. आणि अमुक खुणेला पाणी लागलं की कुणी काय करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. यातली एक जरी गोष्ट काढली तरी माप निरुपयोगी होतं. महापालिकेच्या भिंतीवर कितीही मोठा पडदा लावा, त्यावरचा आकडा बदलल्यावर कुणी काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर तो पडदा पाहुण्यांना दाखवण्यापुरताच. अशा पडद्याला, जिथे शहराचे ताजे आकडे एकत्र दिसतात, डॅशबोर्ड म्हणतात.

शहरात माणसं किती, इथपासून अडचण

आता जरा आकडेमोड करू, कारण सगळा कारभार भागाकारावर चालतो. दरडोई पाणी, दरडोई कचरा, किती लोकांमागे एक दवाखाना. भागाकाराला खालचा आकडा लागतो, लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीत १४,८६,०५३ माणसं होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होते आहे, आणि ती देशातली पहिली डिजिटल जनगणना आहे.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटर पाणी हा केंद्राचा मान्य निकष. २०११ च्या लोकसंख्येला तो लावला तर रोज सुमारे २० कोटी लिटर पाणी घरोघर पोचलं की शहराची गरज भागते. पण समजा, आज माणसं २० लाख आहेत. मग गरज २७ कोटी लिटरची होते. गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून किती उचलायचं, कुठे नवा जलकुंभ बांधायचा, हे सगळं या फरकावर ठरतं. ज्या भागात गेल्या दहा-पंधरा वर्षांत इमारती वाढल्या, तिथल्या बाईला टँकरची वाट पाहावी लागते, आणि त्याच वेळी कागदावर शहराला निकषापेक्षा जास्त पाणी मिळत असतं. दोन्ही खरं असतं.

त्यात गळती मिसळा. धरणातून उचललेलं पाणी मोजलं जातं, पण घरात पोचलेलं मोजायला चालू स्थितीतलं मीटर हवं. जिथे मीटर बंद आहे तिथे अंदाजाने बिल निघतं. उचललेलं पाणी वजा बिल झालेलं पाणी, हा जो फरक उरतो त्याला ‘बिनमहसुली पाणी’ म्हणतात. त्यात फुटलेली पाइपलाइन आहे, बेकायदा जोडणी आहे, बंद मीटर आहे आणि सार्वजनिक नळही आहे. हे चारही वेगळे केल्याशिवाय कुठे खोदायचं ते कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक जलकुंभाच्या तोंडाशी आणि वितरणाच्या प्रत्येक विभागात मीटर लावावं लागतं. ते काम कंटाळवाणं असतं, त्याचं उद्घाटन होत नाही, पण माझ्या दृष्टीने शहरातली सगळ्यात मोलाची डिजिटल यंत्रणा तीच.

एकच घर, पण नोंदीत तीन मालक

घरपट्टीच्या नोंदीत वडिलांचं नाव ‘बाळू’, पाणीपट्टीवर ‘बाळासाहेब’ आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून आजोबाच. वरच्या मजल्यावर भाडेकरू, खाली किराणा दुकान. नाशिकच्या जुन्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माणसाला हे एकच घर आहे हे पाहताक्षणी कळतं, संगणकाला कळत नाही. त्याला तीन वेगळे मालक दिसतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मिळकतीला एक कायमचा क्रमांक देऊन नकाशावर तिची जागा पक्की करणं आणि कर, पाणी, बांधकाम परवानगी, अग्निशमन या सगळ्या खात्यांनी तोच क्रमांक वापरणं. ज्या घराला पाणी आहे पण घरपट्टी नाही, ते मग आपोआप समोर येतं. ज्या घराला निवासी दराने कर लागतो पण खाली दुकान आहे, तेही येतं.

लोकांच्या मनात इथेच पहिली भीती येते: म्हणजे कर वाढवण्यासाठीच हे सगळं चाललंय. भीती पोकळ नाही. २०१८ मध्ये करयोग्य मूल्याचे, म्हणजे ज्या मूल्यावर घरपट्टी ठरते त्याचे, दर वाढवले तेव्हा शहरात केवढं आंदोलन पेटलं होतं, ते नाशिककर विसरलेले नाहीत. पण दर वाढवणं आणि सुटलेल्या मिळकती नोंदीत आणणं ही वेगळी कामं आहेत. पहिल्यात जो नियमित भरतो त्याच्यावरच बोजा येतो, दुसऱ्यात तो कमी होऊ शकतो. सर्वेक्षणातून मिळकती वाढल्या की आधीपासून भरणाऱ्याला काय मिळालं, हा प्रश्न सभागृहात आकड्यांसह विचारला गेला पाहिजे.

खड्ड्याच्या तक्रारीचं पुढे काय होतं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

समजा, पाथर्डी फाट्याजवळच्या एका कॉलनीतून कुणीतरी ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकला. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश गेले. शहराच्या सहा विभागांपैकी योग्य विभागाकडे तक्रार वळली, तिथून कनिष्ठ अभियंत्याच्या मोबाईलवर, तिथून ठेकेदाराकडे. इथवर सगळं काही मिनिटांत होतं आणि ते खरंच कौतुकाचं आहे. पूर्वी याच कामासाठी अर्ज लिहून विभागीय कार्यालयात पोच घ्यायला जावं लागायचं.

दिवस जुलैचे. भर पावसात डांबर बसत नाही, म्हणून ठेकेदार खडी-मुरूम टाकून वर रोलर फिरवतो, फोटो काढतो. तक्रार बंद. चार दिवसांनी जोराची सर येते, मुरूम वाहून जातो, खड्डा पुन्हा उघडा. कॉलनीतला दुसरा कुणी नवी तक्रार करतो, तीही तशीच बंद होते. आता डॅशबोर्डवर काय दिसतं? दोन तक्रारी आल्या, दोन सुटल्या, निवारण शंभर टक्के. रस्त्यावर खड्डा तोच आणि तिथेच.

यात कुणी खोटं बोललेलं नाही. पण मोजलं जातंय ते तक्रारीचं आयुष्य. खड्ड्याचं आयुष्य कुणी मोजतच नाही. हीच माहिती जागेनुसार जुळवली, तर पडद्यावर वेगळंच दिसेल: या पन्नास फुटांत एका पावसाळ्यात पाच तक्रारी. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. हा रस्ता कुणी केला आणि कधी? रस्त्याच्या कंत्राटात ‘दोषदायित्व कालावधी’ असतो. तेवढी वर्षं रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रारींचा नकाशा आणि कंत्राटांची यादी एकमेकांवर ठेवली की कुठला खड्डा आपल्या पैशाने बुजवला जातोय आणि कुठला ठेकेदाराच्या पैशाने बुजायला हवा, ते कळतं. दोन्ही नोंदी महापालिकेकडेच असतात. बाहेरून एक आकडाही आणावा लागत नाही.

म्हणून मला वाटतं, तक्रार बंद करण्याचा शेवटचा शिक्का तक्रारदाराचा असावा. त्याने सात दिवसांत हरकत घेतली नाही तर ती बंद झाली असं धरा, पण ‘काम झालेलं नाही’ असं तो म्हणाला तर तीच तक्रार, जुन्याच तारखेने, वरच्या अधिकाऱ्याकडे जावी. तारीख जुनी राहणं यात कळीचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि खड्डा निदर्शनास आल्यावर ४८ तासांत बुजवण्यास सांगितलं. ‘निदर्शनास आला’ हे सिद्ध करायला तुमच्या तक्रारीची वेळ आणि क्रमांक हाच पुरावा असतो.

आकड्यांचं काम होतं ते आकड्यांभोवती बसणाऱ्या माणसांमुळे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने २००० साली एक साधी पद्धत सुरू केली. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक खात्याचा प्रमुख महापौरांच्या माणसांसमोर बसायचा, समोर त्याच्या खात्याचे आकडे, आणि गेल्या बैठकीत जे कबूल केलं त्याचं काय झालं हा पहिला प्रश्न. सुरुवात त्यांनी कर्मचाऱ्यांची गैरहजेरी आणि ओव्हरटाइम यांच्यापासून केली. भारी यंत्रणा नव्हती, तारीख मात्र चुकत नव्हती. अशी बैठक नाशिकच्या सहाही विभागांत घ्यायला नवीन निविदा लागत नाही.

आकडे कधीच चुकत नाहीत का?

चुकतात, आणि बरोबर असूनही फसवतात.

सिटीलिंकचं उदाहरण घ्या. ८ जुलै २०२१ पासून नाशिकची शहर बससेवा महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे आहे. बस चालवणारे ठेकेदार, त्यांना पैसे धावलेल्या किलोमीटरवर. बसमध्ये जीपीएस आहे, म्हणजे बस आत्ता कुठे आहे ते उपग्रहाच्या मदतीने कळतं. वाहकाच्या यंत्रातून कुठल्या थांब्यावर किती तिकिटं फाटली तेही कळतं. ही माहिती ठेकेदाराचं बिल तपासायला उत्तम आहे.

पण समजा, एका मार्गावर प्रवासी कमी दिसले म्हणून तिथल्या फेऱ्या घटवल्या. फेऱ्या घटल्या म्हणून उरलेले प्रवासी रिक्षाकडे वळले, आकडा आणखी घसरला, मग मार्गच बंद. प्रत्येक पाऊल आकड्यांना धरून होतं. पण बस वेळेवर येत नाही म्हणून जे थांब्यावरून निघून गेले, त्यांचं तिकीट कधी फाटलंच नाही, त्यामुळे ते कुठल्याच नोंदीत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी सुटल्यावर बस हवी असलेला कामगार यंत्राला दिसत नाही, तो थांब्यावर जाऊन विचारल्यावरच कळतो.

तक्रारींचंही तसंच आहे. बॉस्टन शहरात मोबाईलने खड्डे आपोआप टिपणारं ॲप आलं, तेव्हा ज्या वस्त्यांत स्मार्टफोन जास्त तिथले खड्डे जास्त दिसण्याचा धोका तिथल्या लोकांच्या लक्षात आला. आपल्याकडे कॉलेज रोडवरून शंभर तक्रारी आल्या आणि एखाद्या झोपडपट्टीतून दोनच, तर याचा अर्थ झोपडपट्टीतले रस्ते चांगले असा लावायचा का? निफाडचा द्राक्ष बागाईतदार हवामानयंत्रावर पानांचा ओलावा बघतो, पण फवारणीआधी बागेत शिरून चार पानं उलटी करून पाहतोच. अभियंत्यानेही महिन्यातून एकदा ज्या भागातून तक्रारीच येत नाहीत तिथे मुद्दाम फिरून यावं.

कॅमेरे सगळीकडे लागले तर आपल्या खासगीपणाचं काय?

सिंहस्थातली गर्दी मोजायला हवी, यावर दुमत नसावं. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांपेक्षा जास्त दाटी झाली की माणूस स्वतःच्या पायाने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. ती वेळ येण्याआधी मागचा लोंढा थांबवायचा तर आकडा मिनिटामिनिटाला हवा.

पण गर्दी मोजणं म्हणजे चेहरे ओळखणं नव्हे. २०१५ च्या कुंभात नाशिकच्याच शाळकरी वयातल्या एका मुलाने पावलांचा दाब नोंदवून माणसं मोजणारी चटई बनवली आणि ती प्रत्यक्ष वापरली गेली. किती गेले ते कळलं, कोण गेले ते कुणाला कळण्याची गरजच पडली नाही. कुठल्याही नव्या यंत्रणेबद्दल हाच प्रश्न विचारावा: काम किती माणसं आहेत यावर भागतं की कोण माणूस आहे हे लागतं? दुसरं लागत असेल, जसं हरवलेल्या मुलाला शोधताना, तर चित्रीकरण किती दिवस ठेवणार आणि कुणाला पाहता येणार, हे आधीच लेखी जाहीर व्हावं.

कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने ठेवले आहेत. मात्र याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम जास्त कडक केलं. त्यामुळे ठेकेदाराची किंवा अधिकाऱ्याची माहिती मागितली तर ‘वैयक्तिक’ म्हणून नकार मिळू शकतो. नागरिकाचा खासगीपणा जपताना कारभारावर पडदा पडू नये, ही काळजी मला खरंच वाटते.

ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी काय करायचं?

खिडकी बंद होता कामा नये. ऑनलाइनमुळे रांग कमी झाली तर तो वाचलेला वेळ खिडकीवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मिळावा. खिडकीवर आलेला अर्जही त्याच यंत्रणेत, त्याच क्रमांकाने नोंदवला गेला तरच दोघांना सारखी वागणूक मिळते.

आणि ‘पाणीपट्टी थकली आहे, आज रात्री नळ तोडू’ असा मेसेज आणि सोबत फाइल आली तर ती उघडू नका. नळ तोडण्याआधी नोटीस यावी लागते, फाइल डाउनलोड करायला लावून थकबाकी कुणी वसूल करत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगा.

मग नागरिकाच्या हातात काय आहे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे आणि तो आपण फार कमी वापरतो. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवांच्या यादीत जी सेवा आहे, तिला ठरावीक मुदत असते. मुदतीत दाखला किंवा जोडणी मिळाली नाही, किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कुठल्या सेवेला किती दिवस, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. तो फलक दिसला नाही तर मागा.

अर्ज ऑनलाइन असो वा खिडकीवर, पोच मिळालीच पाहिजे, आणि तिच्यावर अर्ज मिळाल्याची तारीख, अर्जाचा क्रमांक आणि सेवेची मुदत असली पाहिजे. मुदतीचा रकाना कोरा दिसला तर खिडकीवरून हलण्याआधी तो भरून घ्या.